दोन डब्यांचा एक रंग

भिंत रंगवायला घेण्याआधी दादा एक गोष्ट कधी चुकवत नसत. एकाच शेडचे, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले दोन डबे असले, तरी ते आधी मोठ्या बादलीत एकत्र ओतायचे, लाकडी पट्टीने तळापासून ढवळायचे आणि मगच ब्रश बुडवायचा. डब्यावरचं नाव एक म्हणून आतला रंग एक नसतो, असं त्यांचं म्हणणं. पहिला डबा भिंतीच्या मध्यावर संपला आणि दुसरा तिथून सुरू झाला, तर ऊन कललं की जोड दिसतो. आणि एकदा दिसला की घरमालकाला जन्मभर तेवढाच दिसतो.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. धंदा घरं रंगवण्याचा. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचो, त्यामुळे माझं लिखाण म्हणजे आकडे. माणसाबद्दल लिहायची सवय नाही आणि हे जमेल की नाही याची खात्रीही नाही. पण दादांना जवळून पाहिलेल्यांत आता रिकामा बसलेला मीच, म्हणून धीर केला.

त्यांच्या धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणतात. लहानपणी काडीसारखा होता तेव्हा पडलेलं नाव. आता साठी उलटली, तो चढला की शिडी कुरकुरायची, पण नाव तेच राहिलं. आईवडील लवकर गेले. मधली माझी बायको. दादांनी दोघांना वाढवलं, आणि वाढवलं ते वाटून. उकडलेलं एकच अंडं असलं तर दादा ते दोऱ्याने मधोमध कापायचे. दोन अर्धी दोघांना मिळायची आणि दादा दोरा चाटायचे, असं माझी बायको सांगते. थोडं तिखटमीठ लावत असेल, पण दादांना ओळखणाऱ्याला ते खोटं वाटणार नाही.

दादांच्या पत्नी वारल्यावर दोघे भाऊ दोन खोल्यांत एकत्र राहू लागले. खाली रंगाचं सामान, वर बिऱ्हाड. बारक्याने लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "दादाने अजून परवानगी दिली नाही." हसत म्हणायचा. त्याला चहा घेणार का विचारलं तर दादा उत्तर द्यायचे, त्याला नको, त्याला पित्त होतं. केस कधी कापायचे, कोणता शर्ट टाकून द्यायचा, कोणत्या डोळ्याला चष्मा लागला, सगळं दादांना आधी कळायचं. बारक्या मान डोलवायचा. बारक्याला हे चालतं असंच मी धरून चाललो होतो.

मग बारक्या शिडीच्या मधल्या पायरीवर थांबायला लागला. विचारलं तर म्हणायचा, केलेलं काम न्याहाळतोय. एके दिवशी एका बंगल्यात रंगाचा पहिला हात चालू असताना तो ब्रश हातात घेऊनच जमिनीवर बसला आणि त्याला उठता येईना. तपासणीत निघालं की हृदयातून मोठ्या रक्तवाहिनीकडे उघडणारी झडप आक्रसली आहे. त्या झडपेला तीन पाकळ्या असतात, बारक्याला जन्मापासून दोनच होत्या. वर्षानुवर्षांच्या ताणाने त्या कडक होऊन गेल्या. न धुता ठेवलेल्या ब्रशासारख्या, असं बारक्याच येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगे.

असं कधीकधी भावंडांतही असतं म्हणून त्याला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या दोघांना बोलावलं. माझी बायको सुटली. दादांची झडप बारक्याच्या झडपेपेक्षा वाईट निघाली. त्यांना कितीतरी दिवस धाप लागत होती आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"बघा दाजी," बारक्या मला म्हणाला, "यातसुद्धा अर्धं-अर्धं."

दोघांच्याही झडपा बदलल्या, पाठोपाठ. मला वाटलं, संपलं. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते वेगळं होतं. हृदय इतकी वर्षं जाम झालेलं दार ढकलत होतं. आता दार मोकळं झालं, पण ढकलणारा दमलेला आहे. त्याचा स्नायू जाड आणि ताठर झाला आहे. तो कधी आपोआप सावरतो, कधी सावरत नाही. कमजोर हृदयाच्या माणसांना जी औषधं आधीपासून देतात ती अशा वेळी उपयोगी पडतात का, हे अजून नक्की कळलेलं नाही, आणि तेच शोधायला एक अभ्यास चालू आहे. त्यात नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळणार, पण वर जी एक गोळी असेल ती काहींना औषधाची आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरला.

दादांना हे पटलं नाही. ज्याला द्यायचं त्याला नीट द्या, आणि द्यायचं नाही त्याला तोंडावर सांगा, असं त्यांचं मत पडलं. आम्ही विचार करून कळवतो, असं ते म्हणत होते तेवढ्यात बारक्याने संमतीचा कागद आपल्याकडे ओढला आणि सही केली. मग दादांनीही आपला कागद मागितला. तो एकटा कसा जाईल, म्हणाले.

गोळ्यांच्या बाटल्या देणाऱ्या बाई चुणचुणीत होत्या. प्रत्येक बाटलीवर ज्याचा त्याचा क्रमांक होता. "काका, तुम्ही दोघं एकाच घरात राहता," त्यांनी बजावलं, "बाटल्या वेगळ्या ठेवायच्या. अदलाबदल करायची नाही." दादांना ते थोडं लागलं. जन्म डब्यांत गेला, बाटल्या ओळखता येणार नाहीत की काय, असं ते घरी येईपर्यंत पुटपुटत होते.

घरी आल्यावर दोघांनी एकेक गोळी काढून खिडकीच्या उजेडात धरली. पांढऱ्याचे नाना प्रकार नुसत्या नजरेने सांगणारी ही माणसं. त्यांनी गोळ्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या, काळ्या कापडावर ठेवल्या.

"एकच शेड," बारक्या म्हणाला आणि आपली गोळी गिळून मोकळा झाला. दादा बराच वेळ बघत राहिले.

पुढे जे दिसत गेलं ते सगळ्यांनाच दिसत होतं. दादा भराभर सुधारले. जिना न थांबता चढू लागले, काम करताना शीळ घालू लागले. बारक्याची गाडी हलत होती, पण बैलगाडी. संध्याकाळी त्याच्या पायांवर सूज यायची. दादा रोज सकाळी पाण्याबरोबर त्याला गोळी देत आणि मग त्याच्या नडगीवर अंगठा दाबून बघत. रंग वाळला का हे ते असंच बघायचे, कोपऱ्यात जिथे ठसा दिसणार नाही अशा जागी. बारक्याच्या पायावर मात्र खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. दादा त्या खळग्याकडे टक लावून बसत.

"अजून ओलं आहे?" बारक्या विचारायचा.

दादा हसत नसत. मी समोर असलो की मलाही हसू येत नसे. बायको रोज एकदा विचारायची, कसा वाटला हो बारक्या, आणि मी रोज बरा वाटला म्हणायचो. तिला खरं वाटत नाही हे मला कळायचं.

मग खळगा आणखी खोल पडू लागला. एका दुपारी दादांचा फोन आला. फक्त "जावईबुवा, या" म्हणाले आणि ठेवून दिला. मी गेलो तर बारक्या खुर्चीत पुढे वाकून बसलेला. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणाला. पायात चप्पल शिरत नव्हती. ओठांचा रंग मला आवडला नाही. दादा चटकन कामाला लागले, पिशवी भरली, टॅक्सी बोलावली, त्याला हाताला धरून एकेक पायरी उतरवला. पण कुलूप त्यांना लावता येईना. किल्ली ते उलटीच घालत होते. शेवटी मी लावलं.

हॉस्पिटलात बारक्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीत आणि पायात पाणी साचलंय म्हणाल्या. नवी झडप ठीक आहे, स्नायूच मागे पडतोय. मग त्यांनी विचारलं, अभ्यासाची गोळी रोज घेत होते का? प्रश्न बारक्याला होता. उत्तर दादांनी दिलं, नेहमीसारखं. रोज, न चुकता, मी स्वतः देतो.

"त्यांच्याच बाटलीतली?"

"हो," दादा म्हणाले.

हे म्हणताना ते भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीला ओल आली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते. एरवी दादा असल्या भिंतीपुढून दोन शब्द सुनावल्याशिवाय जात नसत. त्या दिवशी त्यांना ती दिसलीसुद्धा नाही.

बाहेर बाकावर बसलो. दादा अंगठ्याच्या नखात वाळलेला रंग दुसऱ्या नखाने खरवडत होते. मी काही विचारलं नाही, मला विचारता येत नाही. ते आपणहूनच बोलले.

"मी एकत्र केल्या."

मला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. दोन्ही बाटल्या ताटात ओतल्या, हाताने नीट कालवल्या आणि परत भरल्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा नव्या बाटल्या आल्या तेव्हा तेव्हा तेच केलं. बारक्याला पत्ता नाही. आपण जिने चढतोय आणि तो बसून आहे, म्हणजे खरी गोळी आपल्याला लागली आहे हे उघडच होतं, असं ते म्हणाले. मग ती एकट्याने कशी घ्यायची?

मी भीत भीत विचारलं, मग सगळी बाटलीच त्याला का नाही दिली?

"आणि मी पडलो तर त्याला कोण बघणार?" दादा म्हणाले. "अर्धं-अर्धं बरं. दोघंही उभे राहतो."

त्यांच्या हिशोबात चूक काढायला मी कोण? पण आत बारक्या धापा टाकत होता आणि डॉक्टरीणबाई अशा एका गोळीचा विचार करत होत्या, जी त्याच्या पोटात कधी गेली आणि कधी गेली नाही हे देवालाच ठाऊक. दादांची भीती वेगळीच होती. सांगितलं तर बारक्याला अभ्यासातून काढून टाकतील. अर्धं का होईना, पोचत होतं ते औषध बंद होईल, आणि मग तो जाईल. ते "जाईल" म्हणाले आणि नखातला रंग पुन्हा खरवडू लागले.

माझा स्वभाव असा की हॉटेलात गार चहा आला तरी मी निमूट पितो. दादांना मी आयुष्यात कधी सल्ला दिला नव्हता. त्या दिवशी म्हणालो, "दादा, सांगायला हवं. आत्ताच." माझं मलाच नवल वाटलं. ते उठले. मी त्यांच्या मागून गेलो, नाहीतर ते वाटेतून परत फिरतील अशी मला धास्ती होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी केव्हापासून, कसं, एवढंच विचारलं आणि ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काका, तुम्हाला खरी गोळी मिळाली हे तुम्ही कशावरून ठरवलंत? दादा म्हणाले, मी बरा झालो त्यावरून.

"झडप बदलल्यावर काहींचं हृदय स्वतःहूनच सावरतं. गोळीशिवाय. तुमचं तसंच झालं असेल."

दादांनी टेबलाची कड धरली.

"म्हणजे खरी गोळी बारक्याची असेल? आणि मी त्याचीच अर्धी काढून घेतली?"

"असेल. नसेलही. मला माहीत नाही."

"तुम्ही बघा ना. कुठेतरी लिहिलेलं असेलच."

जीव वाचवायला गरज पडली तर ते गुपित उघडता येतं, त्या म्हणाल्या. पण आज उघडलं तरी मी देणार ते औषध हेच. आता त्यांना पाणी उतरवायचं इंजेक्शन देते आणि अभ्यासातलं ते हृदयाचं औषध उघडपणे सुरू करते. अभ्यासाच्या गोळ्या दोघांच्याही बंद. तपासायला मात्र दोघांनी येत राहायचं. "तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं," त्या उठता उठता म्हणाल्या. "गोळीत औषध असलंच तर ते लागू पडत नाही असं समजून मी वेगळ्या वाटेने निघाले होते."

एरवी हे ऐकून माणूस सुटकेचा श्वास टाकेल. दादांनी टाकला नाही. बाहेर येऊन ते भिंतीला टेकले. मला खात्री आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे ते ताट होतं आणि त्यातल्या एकाच शेडच्या गोळ्या.

बारक्याला त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी, त्याची धाप जरा बसल्यावर. मी आणि माझी बायको तिथेच होतो. बारक्या नाकावरची नळी सारखी करत ऐकत राहिला. मला वाटलं तो काहीतरी विनोद करेल, तसा त्याचा लौकिक होता. त्याने केला नाही.

"माझी सही होती, दादा," तो म्हणाला. "एकट्याची. जन्मात पहिल्यांदा."

माझी बायको पुढे होणार होती, बारक्याने तिला हाताने थांबवलं. मग त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. दादा खाटेच्या पायाशी स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. नर्स चहा घेऊन आली, बारक्याला हवा का म्हणाली. दादांचं तोंड सवयीने उघडलं. त्यांनी ते मिटलं. मला ते मिटताना दिसलं.

"द्या," बारक्या म्हणाला. "साखर जास्त."

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पाणी उतरलं, मग पुन्हा थोडं वाढलं, औषधाचं प्रमाण बदललं, रक्तदाब खाली घसरला, ते पुन्हा कमी केलं. मी सकाळी बायकोला घेऊन जायचो आणि दारापाशी पोचलो की आधी दादांचा चेहरा वाचायचो. मीटर वाचल्यासारखा. चांगलं-वाईट तिथेच कळायचं. दादांनी बारक्याच्या पायाला हात लावला नाही. त्यांची नजर पांघरुणाबाहेर आलेल्या पायावर खिळलेली असे, पण अंगठा मुठीत धरलेला. शेवटी बारक्यानेच एकदा पाय पुढे केला.

"बघ की. मला वाकता येत नाही."

दादांनी अंगठा ठेवला, दाबला, उचलला. खळगा पडला, पण उथळ. भरूनही लवकर आला. दादांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग ते तोंड धुवायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

"दाजी," बारक्या मला हळूच म्हणाला, "अभ्यासात कागद दोन होते, पण पेशंट एकच होता बघा. त्या बाईंनी मोजला कसा असेल?" मला हसू आलं आणि रडूही. मग तो म्हणाला, "मी अजून रागावलेलो आहे. त्याला सांगू नका, नाहीतर तो माझा राग पण वाटून घेईल."

बारक्या घरी आला. अगदी पूर्वीसारखा झाला असं म्हणणार नाही. जिन्यात एकदा थांबतो. अभ्यास संपल्यावर कोणाला कोणती गोळी होती ते सांगतात म्हणे. बाटल्यांच्या बाईंनी दोघांना विचारून ठेवलं आहे, कळवू का म्हणून. बारक्या म्हणाला, मला नको. दादा म्हणाले, मी नंतर सांगतो. अजून त्यांनी सांगितलेलं नाही. कधी त्यांना वाटतं विचारावं, कधी वाटतं उत्तर ऐकून आपण उभे राहू का. मला विचारतात, जावईबुवा, तुम्ही काय केलं असतं?

थोडं बळ आल्यावर दोघांनी आमची बाहेरची खोली रंगवायला घेतली. बारक्याला शिडी बंद, म्हणून तो स्टुलावर बसून खालचा भाग करणार आणि दादा वरचा. डबे दोन होते. दादांनी दोन्हींची झाकणं उघडली, बादली ओढली, आणि पहिला डबा उचलून तसेच उभे राहिले.

"ओतू का?" त्यांनी विचारलं.

बारक्याने दोन्ही डब्यांत डोकावून पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "माझा मला असू दे."

दादांनी डबा त्याच्या स्टुलाशी ठेवला आणि आपला घेऊन शिडी चढले. दिवसभरात शीळ एकदाच ऐकू आली. कोणाची ते मी बघितलं नाही.

दादा म्हणायचे ते खरं आहे. आमच्या भिंतीवर साधारण कंबरेच्या उंचीवर जोड आहे. सकाळी काही कळत नाही, ऊन कललं की दिसतो. बायको म्हणते, सख्ख्या भावांनी केलेलं काम असं, चारचौघांत सांगायची सोय नाही, आणखी एक हात मारून घेऊ या. दादाही दोनदा म्हणाले. मी आज करू, उद्या करू असं करत अजून तरी टाळलं आहे.